दप्तरदार गल्लीची हिरवी पाटी

अहो, जाता जाता मला जरा फिरवता का? तोंड भिंतीकडे करून ठेवलंय माझं. तीन महिने झाले, समोर नुसता ओल्या चुन्याचा पोपडा. हां, असं. आता दिसलात. मी पाटी बोलतेय. पत्र्याची, हिरव्या रंगाची, दोन हात लांब. वर मोठ्या अक्षरात 'दप्तरदार गली', खाली 'कम कचरा क्षेत्र', अन् त्याच्याही खाली बारीक अक्षरात एक ओळ. ती ओळ नंतर वाचा. आधी माझं ऐका.

ही वॉर्ड ऑफिसच्या मागची कोठी. इथं मोडक्या ढकलगाड्या येतात, झिजलेले खराटे येतात. कोणी कोणाशी बोलत नाही. मला मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. आधी बढाया मारायला बोलायची. आता पोटात मावत नाही म्हणून बोलते.

मूळची मी एका कूलरचं छत. जबलपूरचे सहा उन्हाळे मी खालून गारवा अन् वरून धूळ खात काढले. कूलर सडला तेव्हा बाबाराव पेंटरनी मला कापून काढलं, घासलं, अन् दुकानाच्या पायरीवर वाळत ठेवलं. बाबारावांची तिसरी पिढी जबलपुरात, बाहेर सगळा कारभार हिंदीतून, पण ब्रश हातातून निसटला की तोंडातून निघायची ती अस्सल मराठी. त्यांच्याच हाताखाली मी घडले. म्हणून अंगावरची अक्षरं हिंदी अन् पोटातली बोली मराठी, असं माझं आहे.

एक दिवस ऋचा आली. वॉर्ड ऑफिसात नवी लागलेली मुलगी, मराठी घरातली. मराठी सगळी समजायची, पण बोलायला लागली की अर्ध्या वाटेत हिंदीत उतरायची. गळ्यात ओळखपत्र, हातात याद्या.

"काका, बारा लाल पाट्या, वीस पिवळ्या अन् नऊ हिरव्या."

"हे रंग काहून?" बाबारावांनी विचारलं.

"देखो काका, आपल्याकडे झाडणारे कमी, रस्ते जास्त. भाजीबाजारात सकाळी झाडलं की दहा वाजता फिर वही ढीग. अन् एखादी गल्ली अशी असते की दोन दिवस झाडलं नाही तरी चालते. म्हणून आम्ही फिरून कचरा मोजला. जिथं धोका जास्त तिथं लाल पाटी, दिवसातून तीनदा झाडू. मधला तो पिवळा, रोज एकदा. कमी धोका तिथं हिरवी. हफ्त्यातून दोनदा."

"म्हणजे हिरवी पास अन् लाल नापास," बाबाराव म्हणाले.

"नाही हो काका! पास-नापास नाही यात."

पण बाबारावांना तेच पटलं अन् मलाही. मी सगळं कान देऊन ऐकलं होतं बरं का, 'हफ्त्यातून दोनदा' हेसुद्धा. पण हिरवा रंग अंगावर बसला अन् माझं डोकं फिरलं. शेजारी लाल पाट्या वाळत होत्या. मी त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं, खोटं कशाला सांगू.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. चेरीतालच्या पुढे एक जुनी वस्ती आहे, तिथं ही दप्तरदार गल्ली. अकरा घरं, त्यातली बरीच मराठी. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब. मला त्यावर ठोकायला सगळी गल्ली जमली होती. पुढे विष्णुपंत. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते गल्लीचेच स्टेशन मास्तर झाले होते. त्यांच्या शिट्टीशिवाय तिथं पान हलायचं नाही. त्यांनी स्वतः मला हात पोचेल एवढ्या उंचीवर सरळ धरलं, अन् खिळा बसल्यावर माझ्या गळ्यात झेंडूचा जाडजूड हार घातला. टाळ्या वाजल्या. भजी आली. ऋचानं नियमांचे छापील कागद वाटले होते, भजी त्याच कागदांवर वाढली गेली.

"सगळ्या वॉर्डात नऊच हिरव्या," विष्णुपंत सांगत होते. "अन् त्यातली एक आपली!"

मग त्यांनी मोजणीची गोष्ट सांगितली. ती त्यांनी पुढेही इतक्यांदा सांगितली की मला तोंडपाठ झाली. ऋचा तीन दिवस सकाळी साडेआठला कचरा मोजायला यायची. ही बातमी आधीच फुटली होती. विष्णुपंतांनी दारोदार जाऊन बजावलं, गल्लीची अब्रू आहे. तिन्ही दिवस बायामाणसांनी उठून गल्ली पाण्यानं धुतली, रांगोळ्या घातल्या. अन् मुळात त्याच्याही आधी, सहा वाजता, गल्लीचा झाडणारा बळीराम रोजच्यासारखा झाडून गेलेला असायचा. साडेआठला ऋचाला दिसायचं काय, तर ओली फरशी अन् रांगोळी.

पोरगी हुशार, तिला शंका आली. तिनं पहिल्याच घरासमोर थांबून विनताबाईंना विचारलं, "बाई, बळीरामकाका रोज किती कचरा नेतात इथून?"

"कचरा?" विनताबाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत? असेल एखादं पान."

भरलेली ढकलगाडी रिकामी करायला निघालेला बळीराम बाजूलाच थांबला होता. नीमच्या पाल्यानं, पुड्यांनी, मागच्या रस्त्यावरच्या कोचिंग क्लासच्या पोरांनी टाकलेल्या कागदी कपांनी ती काठोकाठ भरली होती. त्यानं गाडीवर पोतं ओढलं अन् हसून म्हणाला, "हो न जी. कचराच नसते इथं."

विनताबाई कोण ते सांगते. माझ्या खांबासमोरचं पहिलं घर त्यांचं. वय अठ्ठ्याहत्तर. तेहतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. ही ऋचासुद्धा लहानपणी गल्लीच्या टोकाला राहायची अन् पाढे त्यांच्याकडेच शिकली. यजमान मुरलीधरराव संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा यशोधन बंगलोरला. बाई एकट्या राहायच्या, अन् एकटीनंच राहणार म्हणून हटून बसल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या. यशोधन धावत आला अन् म्हणाला, आता पुरे, चल माझ्याकडे. बाई ऐकेनात. शेवटी माय-लेकात तह झाला, अन् त्या तहाची जामीनदारी घेतली बळीरामनं. बळीराम सौंसरकडचा माणूस, तोही घरी मराठीच बोलणारा, पंचावन्नचा, गल्लीत एकोणीस वर्षं झाडणारा. ठरलं ते असं: रोज सकाळी सहाला बळीरामचा खराटा पायरीशी आला की बाईंनी दार उघडायचं. नाही उघडलं तर बळीरामनं कडी वाजवायची. तरीही नाही उघडलं तर आत शिरायचं, कसंही. यशोधन बंगलोरला निश्चिंत झोपायचा तो याच भरवशावर. रोज फोन केला की आई चिडायची, 'मी काय आजारी आहे?' म्हणून तो रविवारीच फोन करायचा.

या तहाचं बाईंनी पुढे शाळेत रूपांतर केलं. मास्तरीणच ती! बळीराम कधी शाळेत गेला नव्हता. बाई दार उघडून पायरीवर खडूनं एक शब्द लिहायच्या, तो बळीरामनं वाचायचा, मगच पुढे झाडायला जायचं. पंचावन्न वर्षांचा माणूस खराटा बगलेत धरून 'म-ट-का' वाचायचा अन् बाई म्हणायच्या, "शाबास. उद्या काना-मात्रा."

आता माझा पहिला सोमवार ऐका. सहा वाजता खराट्याचा आवाज आला. दार उघडलं. बाई म्हणाल्या, "आज पायरीवर नाही, आज ती नवी पाटी वाच. बघू."

बळीराम माझ्यासमोर आला. मी छाती काढून उभी. त्यानं बोट लावून लावून वाचलं, "द-प्त-र-दा-र ग-ली. क-म... कच-रा... क्षे... क्षेत्र." बाईंनी टाळी वाजवली. बळीरामला जोर चढला. त्यानं हार वर उचलला अन् खालची बारीक ओळ वाचायला घेतली.

"स-फा-ई. सो-म-वा-र. गु-रु-वा-र."

वाचून झालं तरी त्याचं बोट तिथंच होतं. मग तो वळून म्हणाला, "बाई, बाकीचे वार नाही लिहिले जी."

ती ओळ आता तुम्हीही वाचा. खाली आहे बघा.

दुपारपर्यंत सगळं कळलं. झाडणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्याला इकडे दरोगा म्हणतात. त्यानं बळीरामला बोलावून सांगितलं की उद्यापासून त्याची नेमणूक भाजीबाजारात, लाल पाटीखाली. दप्तरदार गल्लीत फक्त सोमवारी अन् गुरुवारी. बाजारात पहाटे साडेपाचला हजेरी, तीही तिथंच उभं राहून फोटो काढून. दोन वाजेपर्यंत तिथून हलायचं नाही.

गल्लीतले लोक जरा कुरकुरले. विष्णुपंत म्हणाले, "हे तर उलटंच झालं की राव!" पण दिवाळी तोंडावर होती. अन् हिरव्या पाटीचा मान सोडावासा कोणाला वाटेना. बळीराम कडी वाजवतो, हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते बाईंचं अन् त्याचं, असंच सगळे धरून चालले होते.

बळीरामनं सुरुवातीला फार केलं हो. बाजारातली ड्यूटी संपवून दुपारी अडीचला चालत यायचा, नुसता कडी वाजवायला. बाईंची ती झोपायची वेळ. डोळे चोळत दार उघडायच्या. पंधरा-वीस दिवस झाल्यावर एकदा त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

"काहून रे बळीराम, पाय किती सुजले हे?"

"उभं राहून राहून सुजते जी. बाजारात बसायलाच भेटत नाही."

"मग इकडे कशाला मरायला येतोस? घरी जा. मी काय लहान आहे? सोमवार-गुरुवार पुरे."

"पण यशोभैयाला मी जबान दिली..."

"यशोला काही सांगायचं नाही," बाईंचा आवाज एकदम शाळेतला झाला. "त्याला कळलं तर मला घेऊन जाईल. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

बळीरामनं सुजलेला पाय चपलेत कोंबला. मग गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

ऋचाला हे सगळं कसं कळलं माहीत नाही, पण ती आली. बाईंच्या पायरीवर बसून रडायच्या बेतात होती. तिनं वर लिहून पुन्हा मोजणी मंजूर करून आणली. "बाई, पुढच्या बुधवारी मी येते. फक्त एक ऐका. मंगळवारी-बुधवारी कोणी झाडू नका. जे पडेल ते पडू द्या. मला खरा आकडा पाहिजे. पिवळी पाटी मिळाली तरी बळीरामकाका रोज येतील."

विष्णुपंतांनीही दारोदार जाऊन सांगितलं, या वेळी कोणी झाडायचं नाही. लोकांनी ऐकलं. मंगळवारी नीमचा पाला पडला, पुड्या आल्या, कप आले. संध्याकाळी गल्ली मस्त घाण झाली अन् माझ्या जिवात जीव आला. होय, माझ्या! मला त्या वेळेपर्यंत माझ्या हिरवेपणाची लाज वाटायला लागली होती. उतरवा मला, पिवळी लावा, असं मी खांबाला म्हणत होते.

बुधवारी उजाडता उजाडता विनताबाईंचं दार उघडलं. हातात घरातली केरसुणी. त्यांनी एकदा गल्लीकडे पाहिलं अन् तोंड असं केलं, जसं कोणी भरल्या घरात चिखलाचे पाय घेऊन आलंय. मग पदर खोचला अन् वाकल्या. बाई, नको, नको! मी किती ओरडले. पत्र्याचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? अकरा घरांची गल्ली त्यांनी एकटीनं झाडली, थांबत, भिंतीला धरत, कमरेवर हात ठेवत.

साडेआठला ऋचा आली. चार पानं सापडली. तिनं बाईंच्या धुळीनं माखलेल्या निऱ्यांकडे बघितलं.

"बाई, ये आपने किया?"

"तू येणार होतीस," बाई म्हणाल्या. "तुझ्यासमोर घाण दिसू द्यायची? जमलं नाही ग मला."

ऋचानं आकड्याच्या रकान्यावर पेन टेकवलं. मग हळूच म्हणाली, "मी चारच्या जागी चाळीस लिहू का? किसी को पता नहीं चलेगा."

"खोटा आकडा लिहायचा नाही हं," बाई म्हणाल्या. "हे शिकवलं मी तुला?"

पोरीनं चार लिहिलं. मी हिरवीच राहिले.

त्यानंतर बाईंना सवयच लागली. बळीराम नसेल त्या दिवशी निदान आपल्या दारापुढचं अन् माझ्या खांबाखालचं तरी त्या झाडायच्याच. सोमवारी अन् गुरुवारी बळीराम आला की त्याला जोडाक्षरं शिकवायच्या. तो म्हणायचा, "बाई, तुम्ही नका झाडू जी, मी येऊन राहिलो ना." त्या म्हणायच्या, "व्यायाम होतो."

जानेवारीतला तो मंगळवार. कडाक्याची थंडी, समोरचं घर धुक्यात पुसट दिसायचं. बाई सातला बाहेर आल्या, स्वेटरवरून शाल. पायरीपुढचं झाडलं, माझ्याखालचं झाडलं. सरळ होताना त्यांनी खांब धरला. तळहात थेट माझ्या खालच्या कडेला लागला, बर्फासारखा. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, दार लावून घेतलं. पाचेक मिनिटांत आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आधी जड आवाज, मग भांड्याचा.

मी दाराकडे बघत राहिले. दार उघडलं नाही. दारावर अडकवलेल्या पिशवीत नंतर आलेलं दुधाचं पाकीट तसंच. चारला बाई पायरीवर येऊन बसायच्या, उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात. आल्या नाहीत. घरात दिवा लागला नाही.

बुधवारी दूधवाला आला. पिशवीत कालचं पाकीट बघून म्हणाला, "अम्मा कहीं गई हैं क्या?" अन् आजचं त्यावर ठेवून गेला. दुपारी समोरची सून कढीपत्ता द्यायला आली, बेल वाजवली, 'झोपल्या असतील' म्हणून कढीपत्ता कडीत खोचून परत गेली. चांगली बाई आहे हो ती, तिला दोष देऊ नका. किल्ली विष्णुपंतांकडे असायची, पण ते मुलीकडे नागपूरला. गल्लीतून माणसं जात होती, येत होती, स्कूटर, सायकली, शाळेच्या रिक्षा. सगळे माझ्याखालून गेले. एकानं वर पाहून वाचलंसुद्धा, "कम कचरा क्षेत्र." मला इतकंच वाटत होतं की आज बळीरामचा वार असता तर. आज कोणताही वार बळीरामचा असता तर.

गुरुवारी सहाला खराट्याचा आवाज आला. पायरीशी आला, थांबला. बळीरामनं पिशवी पाहिली. त्यानं कडी वाजवली, एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागला. "बाई! ओ बाई! मी आहे जी, बळीराम!" मग धावत मागच्या बोळात गेला. भिंत चढून, मागचं दार लाथेनं तोडून आत शिरला. त्याचा ओरडा ऐकून सगळी गल्ली जागी झाली.

बाई जिवंत होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, कमरेचं हाड मोडून, दोन दिवस गार फरशीवर. बळीराम अन् आणखी दोघांनी त्यांना खाटेवर घालून बाहेर आणलं. गाडी येईपर्यंत खाट माझ्याखालीच ठेवली होती. बाईंचे ओठ काळेनिळे पडले होते. त्यांनी डोळे किलकिले करून बळीरामकडे पाहिलं.

"आज गुरुवार ना रे?"

"हो जी, हो बाई."

"मी मोजत होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, गुरुवारी येईल."

शुक्रवारी दुपारी दवाखान्यात त्या गेल्या.

यशोधन आला. नर्मदेच्या ग्वारीघाटावरचं सगळं आटोपून तिसऱ्या दिवशी तो दारात उभा होता अन् बळीराम खाली, रस्त्यावर. यशोधन ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बळीरामभाऊ, तुम्ही रोज येत होता ना? मी त्या भरवशावर... मंगळवारी काहून नाही आलात?"

बळीरामला शपथ आठवत असेल. बाई गेल्या तरी शपथ शपथच. त्यानं नुसता हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं. यशोधननं मला पहिल्यांदा वाचलं. हार केव्हाच वाळून गळून पडला होता, ओळ स्वच्छ दिसत होती. वाचून तो पायरीवर बसला. माझा पत्रा त्या वेळी मधोमध चिरला असता तर मला आनंद झाला असता. पण चांगला जाड कूलरचा पत्रा, काही झालं नाही मला.

घराला कुलूप लागलं. बंद दारापुढे आधी एक कागद पडला, मग पिशवी, मग कोणी जुनी गादी आणून टाकली. माझ्या खांबाला टेकून चहाची टपरी उभी राहिली, तिचे कप. झाडणारं कोणी नव्हतं, विष्णुपंतांचा उत्साहही ओसरला होता. बाईंच्या दारावरून जाताना ते मान खाली घालून जायचे. एप्रिलमध्ये ठरलेली मोजणी झाली. ऋचा आली, तिनं मोजायला सुरुवात केली अन् मोजता मोजता चेहऱ्यावर ओढणी घेतली. दप्तरदार गल्लीला लाल पाटी मिळाली. दिवसातून तीनदा झाडू.

दिवसातून तीनदा! विनताबाईंना एकदाच हवा होता.

दरोगानं बळीरामला सांगितलं, जुनी गल्ली तुझीच, परत घे. बळीरामनं हात जोडले. "मला बाजारातच राहू द्या जी. त्या दारापुढे माझा हात चालत नाही." तिथं आता दुसराच माणूस झाडतो. पण लाल पाटी लावायच्या दिवशी मला उतरवायला बळीराम स्वतः आला होता. कोणी सांगितलं नव्हतं.

आता ऐकते की मला पुन्हा रंगवणार आहेत. वरचं नाव खरवडायचं, दुसऱ्या गल्लीचं लिहायचं. पत्रा चांगला आहे ना! तुम्ही मला न्यायला आला असाल तर एवढं करा. जिथं लावायची असेल तिथं साडेआठला जाऊ नका. खराटा फिरायच्या आधी जा, अन् कचरा तर मोजाच, पण झाडणाऱ्याला विचारा की तुझा खराटा थांबला तर इथं कोणाचं काय अडेल. तो सांगेल. त्याला सगळ्यांची दारं माहीत असतात. लोक सांगणार नाहीत, ते रांगोळी काढतील. विचारून झाल्यावर हिरवी द्यायची तर द्या, मग मी मुकाट्यानं लटकेन. नाही तर मला भंगारात घाला, माझी काही तक्रार नाही.

भिंतीकडे तोंड मला बळीरामनंच करून ठेवलंय. रागानं नाही. उतरवल्यावर त्यानं मला गमछानं पुसलं, ढकलगाडीत आडवी घातली अन् इथं आणलं. कोठीत दुसरं कोणी नव्हतं. मला टेकवून तो समोर उकिडवा बसला अन् पहिल्यांदाच रडला. बाई गेल्या तेव्हाही रडला नव्हता. मग नाक पुसून, माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे माय. तुला काय माहीत होतं!"

मला माहीत होतं रे बळीराम. मंगळवारपासून माहीत होतं.